सोयाबीन सोंगून होईपर्यंत थांबू का?

पत्र, थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईने लिहिलं आहे. मुलगा साडेसहा महिन्यांचा. गेल्या पंधरा-वीस दिवसांपासून झोपेतून उठला की एकाएकी मान खाली टाकतो, दोन्ही हात बाहेर फेकतो, गुडघे पोटाशी घेतो आणि क्षणात सैल पडतो. पाच-सात सेकंदांनी पुन्हा तेच. असं दहा-पंधरा वेळा, मग रडू. दिवसातून तीन-चार वेळा हा प्रकार होतो. सासूबाई म्हणतात लेकरू दचकते, पोटात कळ येते. त्यांनी घुटीत जायफळ वाढवलं, दृष्टही काढली. गावातल्या डॉक्टरांनी ग्राइप वॉटर दिलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी फिनोबार्बिटोनचं सिरप दिलं आणि ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, करायला लावला. बाळ जागं असताना वीस मिनिटांत तो झाला, रिपोर्ट नॉर्मल आला. 'महिन्याने दाखवा' असं सांगितलं. झटके तसेच आहेत. यजमान म्हणतात, सोयाबीन सोंगून झालं की हातात पैसे येतील, मग नागपूरला जाऊ. ओळखीच्या एका नर्सबाईंनी हा लहान बाळांच्या मिरगीचा प्रकार असू शकतो आणि त्याला स्टेरॉइड द्यावं लागतं असं सांगितल्यापासून घरात भीती आहे. 'चौथ्या महिन्यात खळखळून हसायचा, आता माझ्याकडे पाहतच नाही. मी दिवसात असताना निंदणाला जात होते, त्यानं तर झालं नसेल? थांबू की जाऊ?'

ताई,

आधी उत्तर, मग कारणं. थांबू नका. उद्या जमलं तर उद्या, नाहीतर याच आठवड्यात जा. तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. झटके झोपेतून उठताना येतात, फटाक्यांच्या लडीसारखे एकामागून एक येतात, आणि बाळ शिकलेलं विसरत चाललं आहे. या वयाच्या बाळात या तिन्ही एकत्र दिसल्या की दुसरं काही निघेपर्यंत एपिलेप्टिक स्पॅझम, म्हणजे नर्सबाईंनी सांगितलेला लहान बाळांच्या मिरगीचा प्रकार, धरूनच चालावं लागतं. पत्रावरून निदान करता येत नाही, ते बाळाला तपासूनच होईल. पण तपासायला किती दिवस थांबायचं, एवढं सांगायला तुमचं पत्र पुरेसं आहे.

यजमानांचा हिशेब आम्हाला कळतो. सोंगणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही, वरून पाऊस आला तर उभ्या शेंगा फुटतात किंवा दाणा काळा पडतो. बाळाला बेंबीचा साधा हर्निया असता तर 'पंधरा दिवसांनी या' असं डॉक्टरच म्हणाले असते. इथे मात्र झटका दिसतो तेवढाच आजार नसतो. दोन लडींच्या मधल्या वेळेतही, बाळ शांत पडलेलं असताना, मेंदूत विजेचा गोंधळ चालू असतो. म्हणून हसणं, आवाजाकडे वळणं, आईला ओळखणं एकेक करून मावळतं. योग्य औषध सुरू व्हायला जितका उशीर, तितका पुढच्या वाढीवर परिणाम, हे या आजारात अभ्यासांमधून वारंवार दिसलं आहे. इथे आठवडे मोजायचे असतात आणि तुमचे अडीच-तीन आठवडे गेलेले आहेत.

आता घरात आणि दवाखान्यात ज्या समजुतींवर सगळे थांबले आहेत, त्या एकेक बघू.

पहिली, 'मिरगी अशी नसते'. फिट म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते ताठ अंग, थरथर, तोंडाला फेस. बाळाचा स्पॅझम एक-दोन सेकंदांचा असतो. कधी बाळ पुढे वाकतं, कधी मागे ताणलं जातं, कधी नुसती मान डुलते, खांदे उडतात किंवा डोळे वर जातात. म्हणून तो कोणाला फिट वाटत नाही. १८४१ मध्ये डॉ. विल्यम वेस्ट या इंग्रज डॉक्टरने स्वतःच्याच बाळाचे हे झटके 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाला पत्र लिहून कळवले होते. बाळ सलाम केल्यासारखं वाकतं, एका वेळी दहा-वीसदा, दिवसातून दोन-तीन वेळा, असं त्याने मोजून लिहिलं. आजही डॉक्टर या आजाराला वेस्ट सिंड्रोम म्हणतात. त्या बापाने केलं तेच तुम्ही पत्रात केलं आहे, बघून मोजलं आहे.

दुसरी, 'लेकरू दचकते'. बाळं दचकतात, खरं आहे. पण दचकायला काहीतरी लागतं. भांडं पडतं, दार आपटतं, बाळाला पटकन खाली ठेवलं जातं. त्यात हात एकदा फाकतात, मिठी मारल्यासारखे जवळ येतात आणि संपतं. हे दचकणं चौथ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत आपोआप जातं. जे साडेपाचव्या-सहाव्या महिन्यात नव्याने सुरू होतं, आवाज नसताना येतं आणि ठरावीक अंतराने दहा-पंधरा वेळा येतं, ते दचकणं नव्हे. काही बाळांचे हातपाय गाढ झोपेत उडतात आणि जाग आली की थांबतात, ते निरुपद्रवी असतं. स्पॅझमचं नेमकं उलटं आहे, ते जाग येताना सुरू होतात.

पोटातली कळ बहुधा दोन-तीन आठवड्यांच्या बाळाला सुरू होते आणि तीन-चार महिन्यांत शमते. सहाव्या महिन्यात नव्याने सुरू झालेली 'कळ' डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे. रडण्याचा क्रमही बघा. कळ आली की बाळ आधी रडतं आणि रडता रडता पाय घेतं. स्पॅझममध्ये आधी झटका, मग त्या त्रासाने रडू. हा फरक सासूबाईंना शेजारी बसवून एकदा दाखवा. त्यांनी चार लेकरं वाढवली असतील, त्यांच्या नजरेला तो लगेच दिसेल.

तिसरी समजूत सगळ्यात महागात पडणारी आहे, 'ईईजी नॉर्मल आला'. या आजारात मेंदूचा जो आलेख दिसतो त्याला हिप्सॅरिदमिया म्हणतात. उंच, वेड्यावाकड्या लाटा, कशाचा कशाला मेळ नाही. तो झोपेत सगळ्यात स्पष्ट दिसतो. जागेपणी, विशेषतः आजार नवा असताना, आलेख बराच बरा दिसू शकतो. वीस मिनिटांच्या जागेपणीच्या ईईजीवरून स्पॅझम नाहीत असं म्हणता येत नाही. झोप लागताना, झोपेत आणि जाग आल्यावरही थोडा वेळ असा सलग आलेख हवा, कारण झटके त्याच वेळी येतात. तुमच्या हातातला रिपोर्ट खोटा नाही, तो अर्धा आहे. तो जपून ठेवा आणि पुढच्या डॉक्टरांना 'जागेपणी काढलेला' असं सांगूनच दाखवा.

चौथी, 'फिटचं औषध चालू आहे ना'. फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन अशी नेहमीची औषधं इतर फिटना चालतात, स्पॅझमवर सहसा चालत नाहीत. आठ-दहा दिवसांत काही फरक पडला नसेल तर तेच सिरप महिनाभर रेटण्यात दिवस जातात. पण ते घरीच बंदही करू नका. एकदम तोडलं तर दुसऱ्या प्रकारची फिट येऊ शकते. कसं कमी करायचं ते नवे डॉक्टर सांगतील. जायफळ मात्र आजच बंद करा. त्याने गुंगी येते, बाळ दूध कमी ओढतं, आणि सुस्ती औषधाची, आजाराची की घुटीची हे तपासणाऱ्याला कळत नाही.

आता निघण्याआधीची तयारी. मोबाइलमधला व्हिडिओ हा तुमच्याकडचा सगळ्यात वजनदार कागद आहे. ओपीडीत बाळ झटका देईलच असं नाही, आणि 'मान टाकतो' या शब्दांवरून डॉक्टरांना दहा आजार सुचतात. बाळ उठायच्या वेळेला तयार राहा. अंगावर फक्त लंगोट ठेवा, झोळीतून काढून गादीवर उजेडात झोपवा. फोन आडवा धरा, डोक्यापासून पायापर्यंत सगळं बाळ दिसलं पाहिजे. पहिल्या झटक्यापासून लड संपेपर्यंत थांबवू नका, दोन-तीन मिनिटं लागली तरी. मध्येच एकदा नावाने हाक मारा, एकदा हात अलगद धरून बघा. धरल्यावरही झटका आला तर तेही व्हिडिओत दिसेल. असे दोन व्हिडिओ पुरेत. एखादा तो हसत होता तेव्हाचा असेल तर तोही ठेवा, कारण काय हरवलं ते त्यातून शब्दांशिवाय कळतं. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, तिथून शंभर उपाय येतील आणि दिवस जाईल.

नागपूरच गाठलं पाहिजे असं नाही. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूरची मेडिकल, मेयो आणि एम्स, यांतलं जे लवकर गाठता येईल तिथल्या बालरोग विभागात जा. तुमच्याकडून सेवाग्राम नागपूरपेक्षा जवळ पडेल. निघण्याआधी फोन करून दोनच गोष्टी विचारा. बालरोग ओपीडी कोणत्या वारी असते, आणि लहान बाळाचा झोपेतला ईईजी होतो का. प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी मिळाली तर चांगलं, पण चिठ्ठीसाठी दोन दिवस घालवू नका. शाळा-अंगणवाडी तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची वाट तर मुळीच बघू नका. ते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. आशाताईंना मात्र सांगा, गाडीची सोय किंवा सोबत यायला त्यांची मदत होईल.

ओपीडीत गर्दी असते, बोलायला दोन मिनिटं मिळतात. म्हणून वाक्य घरूनच ठरवून जा. 'साडेसहा महिन्यांचं बाळ आहे, अठरा दिवसांपासून झोपेतून उठताना लडीने झटके येतात, हसणं बंद झालं आहे, व्हिडिओ आणला आहे, जागेपणीचा ईईजी झाला आहे, स्पॅझमसाठी झोपेतला ईईजी हवा आहे.' एवढं बोलून फोन पुढे करा. पोटाचं आणि घुटीचं पुराण नंतर.

सोबत बाळंतपणाचा डिस्चार्ज कागद, लसीकरणाचं कार्ड, जन्माचा दाखला, रेशनकार्ड, आधार, आत्तापर्यंतच्या औषधांच्या बाटल्या. बाटल्याच न्या, नावं सांगू नका. पैशाबाबत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. बाळाचं नाव रेशनकार्डावर अजून चढलं नसेल तरी दाखला घेऊन त्यांना भेटा. ओपीडीतली सगळी औषधं योजनेत बसत नाहीत, म्हणून कोणतं औषध दवाखान्यातून मिळेल आणि कोणतं बाहेरून घ्यावं लागेल, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

झोपेच्या ईईजीची गंमत अशी की बाळ एसटीत झोपतं. तीन तास गाडी हलते, बाळ गाढ झोपतं, आणि मशीनच्या खोलीत पोचल्यावर टक्क जागं. वायर लावणारे थांबून थांबून कंटाळतात आणि पुन्हा जागेपणीचाच आलेख हातात येतो. म्हणून आदल्या रात्री त्याला उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, आणि प्रवासात आळीपाळीने खेळवत जागं ठेवा. एकट्या आईला हे जमत नाही, सोबत दुसरं माणूस हवंच. जमलं तर आदल्या दिवशी मुक्कामाला जाऊन सकाळी पहिला नंबर लावा. पोटभर पाजणं वायर लावायच्या आधी, तिथेच. टाळू तेलाने भरली असेल तर आदल्या दिवशी डोकं शाम्पूने स्वच्छ धुवा. तेलकट डोक्यावर वायर चिकटत नाहीत आणि आलेखात खरखर येते. रोजची दुपटी सोबत ठेवा. झोपेचं औषध लागलंच तर ते तिथले लोक देतील, तुम्ही घरून काही पाजून नेऊ नका. बाळ जागं झाल्यावर लगेच वायर काढायला लागले तर हात जोडून म्हणा, 'झटके उठल्यावरच येतात, दहा मिनिटं चालू राहू द्या.'

निदान पक्कं झालं की पुढे तीन औषधांपैकी एकाचं नाव निघेल. एसीटीएच नावाचं इंजेक्शन, तोंडावाटे प्रेडनिसोलोन, किंवा व्हिगाबॅट्रिन. कधी सुरुवातीलाच दोन एकत्र देतात. काही डॉक्टर त्याआधी किंवा सोबत पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ जीवनसत्त्व देऊन बघतात, कारण थोड्या बाळांत त्याचीच गडबड असते. एसीटीएच रोज टोचावं लागतं आणि फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. खेड्यात भारनियमनात ते अवघड पडतं, म्हणून प्रेडनिसोलोनच्या गोळ्या किंवा सिरप आपल्याकडे जास्त सोयीचे ठरतात. बाळाच्या अंगावर पांढरट, पानासारखे चट्टे असतील तर जरूर दाखवा. लोक त्यांना कोड किंवा जंताचे डाग समजतात. ट्युबरस स्क्लेरोसिस या आजारात ते असतात, आणि त्यात व्हिगाबॅट्रिन पहिल्या पसंतीचं औषध आहे.

पुढचे आकडे तुम्ही स्वतः औषध सुरू करावं म्हणून नाहीत. चिठ्ठीवर लिहिलेलं आणि दुकानात मिळालेलं जुळतं का, हे तुम्हाला बघता यावं म्हणून आहेत. या आजारात प्रेडनिसोलोनचा डोस इतर आजारांपेक्षा मोठा असतो. एका पद्धतीत वजनाच्या किलोमागे दिवसाला ४ मिलिग्रॅम देतात. दुसऱ्या पद्धतीत १० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, आणि आठवड्याने झटके थांबले नाहीत तर २० मिलिग्रॅम तीन वेळा. दोन आठवड्यांनंतर हळूहळू उतरवतात. मोठा डोस बघून दुकानदार किंवा गावचे डॉक्टर 'एवढं कसं, अर्धं द्या' म्हणतील. अर्धं देऊ नका, चिठ्ठी देणाऱ्यांना फोन करा.

घोळ होतो तो सिरपमध्ये. एका प्रकारच्या बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्या, फोर्ट लिहिलेल्या बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १५ मिलिग्रॅम. सात किलोच्या बाळाला दिवसाचे २८ मिलिग्रॅम द्यायचे, तर पहिल्या बाटलीतून दिवसभरात २८ मिलिलिटर लागतील आणि दुसरीतून सव्वानऊच्या आसपास. दुकानात एक संपली म्हणून दुसरी दिली आणि तुम्ही त्याच मापाने पाजत राहिलात, तर डोस तिप्पट होईल किंवा तिसऱ्या हिश्श्यावर येईल. म्हणून चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहून घ्या, प्रत्येक नवी बाटली लेबल वाचूनच घ्या, आणि मापायला चमचा न वापरता सुई काढलेली सिरिंज वापरा.

व्हिगाबॅट्रिन साधारण किलोमागे दिवसाला ५० मिलिग्रॅमपासून सुरू करून काही दिवसांत १०० ते १५० पर्यंत नेतात, दिवसातून दोनदा विभागून. गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. ती १० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवली की प्रत्येक मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम येतं. सात किलोच्या बाळाचा सुरुवातीचा डोस म्हणजे एका वेळी साडेतीन मिलिलिटर. उरलेलं फेकायचं, संध्याकाळसाठी नवी गोळी. पैसे वाया जातात असं वाटून उरलेलं ठेवू नका. हे औषध तालुक्याच्या दुकानात सहसा नसतं, मागवायला दिवस लागतात. घरात दहा दिवसांचं उरलं की पुढचं मागवा, मध्येच खंड पडला तर झटके उलटतात. याने नजरेच्या कडा कमी होण्याचा धोका असतो आणि तो जास्त महिने चालवलं तर वाढतो. म्हणून डोळे तपासत राहायचं, आणि बहुतेक वेळा डॉक्टर सहा महिन्यांच्या आत ते बंद करायचं बघतात.

आता स्टेरॉइडची, म्हणजे प्रेडनिसोलोनची भीती. ती उगाच नाही, पण चुकीच्या जागी आहे. हे औषध वर्षानुवर्षांसाठी नाही, काही आठवड्यांचं आहे. त्या आठवड्यांत बाळ चिडचिडं होईल, सारखं भुकेलं असेल, चेहरा गोल होईल, झोप उडेल. हे औषध उतरलं की जातं. सांभाळायचं ते दुसरंच. रक्तदाब आठवड्यातून एक-दोनदा, बाळाच्या मापाच्या पट्ट्याने मोजायचा, मोठ्या माणसाच्या पट्ट्याने आकडा चुकतो. साखर अधूनमधून तपासायची. औषध दुधानंतर. काळी शौच किंवा रक्ताची उलटी दिसली तर लगेच दवाखाना.

आणि जंतुसंसर्ग. घरात कोणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर औषध सुरू व्हायच्या आधी सांगा, टीबी वगळावा लागतो. गावात कोणाच्या घरी कांजिण्या निघाल्या, 'माता आली', तर बाळाला त्या घराच्या वाऱ्यालाही नेऊ नका. संपर्क झालाच असेल तर अंगावर पुरळ यायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. या औषधावर असलेल्या बाळाला कांजिण्या जिवावर बेतू शकतात. ताप आला तर घरच्या गोळीवर रात्र काढू नका. लसींचं नर्सबाईंना सांगून ठेवा. तोंडावाटे पोलिओ, रोटा आणि नवव्या महिन्याची गोवर-रुबेला या जिवंत लसी आहेत, त्या कधी द्यायच्या ते डॉक्टरांनी तारखेसह लिहून द्यायला हवं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे झटके थांबले म्हणून किंवा चेहरा सुजला म्हणून औषध एकदम तोडणं. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबलेलं असतं. उतरवायचा तक्ता मिळेल तो भिंतीवर चिकटवा आणि दिवस खोडत जा.

उपचार लागू पडला की नाही हे चौदा दिवसांत बघतात. इथे 'पन्नासाचे दहा झाले' याला यश म्हणत नाहीत. झटके शून्यावर यायला हवेत आणि झोपेतला आलेखही निवळायला हवा. शून्य झाले तरी दोन आठवड्यांनी पुन्हा ईईजी करतात. शून्य झाले नाहीत तर थांबून न राहता दुसरं औषध जोडतात. 'थोडा फरक आहे, हेच चालू ठेवू' असं कोणी म्हणालं तर 'पुढचं औषध कधी?' हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. निंदणाला गेल्याने हे होत नाही. ग्रहणात भाजी चिरल्याने होत नाही, बंगईतून उतरवताना लागलेल्या हिसक्यानेही नाही. तिसरी पेंटा लस साडेतीन महिन्यांना होते आणि स्पॅझम बहुतेक वेळा चौथ्या ते सातव्या महिन्यात सुरू होतात, म्हणून कोणीतरी लसीवर ढकलतं. वयाचा योग जुळतो, एवढंच. आपल्याकडे जास्त करून दिसणारी कारणं म्हणजे जन्मताना श्वास कोंडणं, पहिल्या दिवसांत रक्तातली साखर फार उतरणं, मेंदूचा संसर्ग. शिवाय मेंदूची जन्मजात घडण, जनुकांतले बदल, ट्युबरस स्क्लेरोसिस, डाउन सिंड्रोम. काही बाळांत सगळं तपासूनही कारण सापडत नाही. म्हणून बाळंतपणाच्या कागदावर 'उशिरा रडले', 'साखर कमी', 'काचेच्या पेटीत ठेवले' असं काही असेल तर ते सांगा. एमआरआय लिहून देतील तो कारण शोधायला. त्याची तारीख महिन्याने मिळाली तर औषध त्यासाठी अडवून ठेवायचं नाही.

बाळ पूर्ण बरं होईल का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण ओळींमध्ये ते आहे. झटके बऱ्याच बाळांचे थांबतात. वाढ कितपत भरून येईल हे कारणावर आणि उपचार किती लवकर सुरू झाला यावर ठरतं. आजाराचं कारण तुमच्या हातात नाही, उपचाराची वेळ आहे. काही बाळांना पुढे दुसऱ्या प्रकारची मिरगी येते, म्हणून झटके थांबल्यावरही तपासणी सोडायची नाही. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, व्यायाम आणि खेळातून शिकवणं सुरू करता येतं. निदान झालं की लगेच नाव घाला, झटके थांबायची वाट बघू नका.

लड चालू असताना बाळाला कुशीवर घ्या आणि मोजा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात पाणी, घुटी, दूध काही घालू नका, ठसका लागतो. कांदा आणि चप्पल हुंगवण्याने काही होत नाही. कोणी पोटावर डागण्या द्यायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा. त्या जखमेतून संसर्ग होईल आणि त्याच बाळाला स्टेरॉइड द्यायचं आहे. एखादी फिट पाच मिनिटांवर गेली, ओठ निळे पडले, किंवा तापासोबत बाळ उठेनासं झालं तर १०८ ला फोन करा.

सासूबाईंना दृष्ट काढू द्या, त्यात बाळाचं काही जात नाही, फक्त धूर आणि मिरच्या त्याच्या नाकाशी नेऊ नका. पण त्यांना एक कामही द्या. बाळ उठायच्या वेळी त्यांच्याजवळ दोन वाट्या ठेवा, एकीत तुरीचे दाणे. झटका आला की एक दाणा दुसऱ्या वाटीत. लड संपली की तुम्ही मोजून वहीत लिहा, तारीख, वेळ, झोपेतून उठताना की पाजताना, दाणे किती. औषध सुरू झाल्यावरही ही वही रोज भरा. ज्या दिवशी वाटीत एकही दाणा पडला नाही, त्या दिवशीही तारीख घालून शून्य लिहा. चौदाव्या दिवशी डॉक्टर आधी तीच पानं उलटतील.